एपिलेप्सी असलेल्या मुलाचा दिव्यांग लाभ नाकारला? अपील करण्याआधी आणि करताना काय पाहावे

तुमच्या मुलाला फिट येतात. औषधे सुरू आहेत. शाळा बुडते, घरातल्या एकाला काम सोडून त्याच्याजवळ थांबावे लागते. तुम्ही दिव्यांग प्रमाणपत्रासाठी किंवा राज्याच्या अनुदानासाठी अर्ज केला आणि उत्तर आले: "अपात्र". काही ठिकाणी तर कागदही मिळत नाही. खिडकीवरूनच सांगतात, "फिटवाल्यांना सर्टिफिकेट मिळत नाही."

हे उत्तर कधी बरोबर असते, कधी अर्धवट, तर कधी चुकीचे. ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखल्याशिवाय अपील केले, तर चुकीच्या कार्यालयात खेटे घालण्यात महिने जातात. म्हणून आधी नकार नीट वाचायला शिकू, मग पुढचे पाऊल पाहू.

पहिला प्रश्न: नकार कोणी दिला?

दिव्यांग लाभाच्या वाटेवर दोन वेगळी दारे आहेत.

पहिले दार वैद्यकीय आहे. तुमचे मूल दिव्यांग आहे का आणि किती टक्के, हे सरकारी रुग्णालयातील वैद्यकीय प्राधिकारी किंवा वैद्यकीय मंडळ ठरवते. त्यावरून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. १ जून २०२१ पासून हे प्रमाणपत्र देशभर केवळ यूडीआयडी पोर्टलद्वारेच दिले जाते.

दुसरे दार योजनेचे आहे. प्रमाणपत्र हातात आल्यावर पेन्शन, शिष्यवृत्ती किंवा विमा द्यायचा की नाही, हे तहसील कार्यालय, समाजकल्याण विभाग किंवा शिक्षण विभाग ठरवतो. तिथे वय, उत्पन्न, रहिवास आणि कागद पाहिले जातात.

वैद्यकीय मंडळाने ३० टक्के दिले असतील, तर तहसीलदाराकडे दाद मागून उपयोग नाही. तो आकडा बदलण्याचा अधिकार त्यांना नाही. आणि प्रमाणपत्र ठीक असूनही उत्पन्नाच्या दाखल्यावरून अर्ज अडला असेल, तर पुन्हा रुग्णालयात जाऊन काही होणार नाही.

कायद्यात एपिलेप्सी कुठे बसते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारचे दिव्यांगत्व दिले आहे. त्या यादीत एपिलेप्सीचे नाव स्वतंत्रपणे लिहिलेले नाही. बहुतेक नकारांचे मूळ इथेच आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. तीन बाबी लक्षात घ्या.

एक: त्याच अनुसूचीत "दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार" असा गट आहे. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे "जसे की" असे म्हणून दिली आहेत. "जसे की" म्हणजे ही उदाहरणे आहेत, असे अपिलात मांडता येते. हा मुद्दा मांडा, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. मंडळाला टक्केवारी काढण्यासाठी निकष लागतात. केवळ आजाराच्या नावावर ते आकडा देत नाही.

दोन: एपिलेप्सी असलेल्या अनेक मुलांना सोबत दुसरा त्रासही असतो. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा किंवा भाषेची अडचण. हे सगळे प्रकार अनुसूचीत नावानिशी आहेत. वेस्ट सिंड्रोम किंवा लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोमसारख्या तीव्र प्रकारांत विकास मागे पडणे फार सामान्य आहे. अर्जात फक्त "एपिलेप्सी" लिहिले असेल, तर मंडळ तेवढेच तपासते आणि बाकीचे तपासायचे राहून जाते.

तीन: कायद्याच्या कलम २ मध्ये "दिव्यांग व्यक्ती"ची व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची कमतरता आणि समाजातले अडथळे मिळून ज्याला बरोबरीने सहभागी होता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. पेन्शन आणि आरक्षणासाठी साधारणपणे ४० टक्क्यांची अट लागते, पण शाळेतील सवलती आणि भेदभावापासून संरक्षण यांचा पाया ही मोठी व्याख्या आहे. याचा उपयोग पुढे पाहू.

नकाराचे चार प्रकार

१. "हा आजार यादीत नाही." इथे दोन वाटा आहेत. मुलाला यादीतील दुसरा त्रास असेल, तर त्याची तपासणी करून घेऊन नव्याने अर्ज करा किंवा अपिलात फेरतपासणी मागा. नसेल, तर "जसे की" हा मुद्दा आणि रोजच्या जगण्यावर झालेला परिणाम यांच्या आधारे अपील करता येते, पण यश कमी खात्रीचे असते.

२. "४० टक्क्यांपेक्षा कमी." इथे आकडा कसा काढला ते विचारा. बौद्धिक क्षमतेची चाचणी झाली का? सामाजिक परिपक्वतेची चाचणी झाली का? २०१८ च्या केंद्रीय निकषांत सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वालाही ५० टक्के धरले आहेत. म्हणजे चाचणी झाली की नाही, यावर लाभ मिळणे किंवा न मिळणे ठरू शकते. दोन प्रकारचे दिव्यांगत्व असेल, तर दोन्ही आकडे एका सूत्राने एकत्र केले जातात. त्यामुळे ३० आणि २५ असे दोन आकडे वेगवेगळे ४० च्या खाली असले, तरी एकत्रित आकडा ४० च्या वर जाऊ शकतो. मंडळाने दुसरा त्रास मोजलाच नसेल, तर हा अपिलाचा भक्कम मुद्दा आहे.

३. प्रमाणपत्र आहे, पण योजनेने नाकारले. इथे योजनेची अट आधी वाचा. उदाहरणार्थ, केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना १८ वर्षांवरील, ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी आहे. तिच्यासाठी १० वर्षांच्या मुलाचा अर्ज नाकारला गेला, तर तो नकार नियमाप्रमाणेच आहे. त्याविरुद्ध भांडण्याऐवजी राज्याची योजना पाहा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करता येते. तिथे दिव्यांग लाभार्थ्यांची मासिक रक्कम २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आली. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. इतर राज्यांच्या आपापल्या योजना आहेत आणि त्यांच्या वयाच्या व उत्पन्नाच्या अटी सारख्या नाहीत.

४. निर्णयच नाही. ऑक्टोबर २०२४ मधील नियमदुरुस्तीनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे. तिच्यात निर्णय झाला नाही, तर लेखी स्मरणपत्र द्या. दोन वर्षांहून जास्त काळ अर्ज तसाच पडून राहिला, तर तो निष्क्रिय होऊ शकतो. म्हणून वाट पाहत बसू नका.

नकार तोंडी असेल तर तो लेखी मागा

नियमांनुसार अर्जदार अपात्र ठरला, तर वैद्यकीय प्राधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी कळवायची असतात. २०१७ च्या नियमांत त्यासाठी वेगळा नमुना, फॉर्म आठ, दिलेला आहे. म्हणून "सर्टिफिकेट मिळत नाही" असे खिडकीवर ऐकून परत येऊ नका. अर्ज ऑनलाइन नोंदवा, अर्ज क्रमांक जपून ठेवा आणि लेखी कारण मागणारे पत्र आवक विभागात देऊन पोचेवर शिक्का घ्या. कारण हातात नसेल, तर अपिलात उत्तर कशाला देणार?

पत्राला उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. "माझ्या मुलाच्या अर्ज क्रमांक अमुकवर मंडळाने घेतलेला निर्णय, तपासणीचे टिपण आणि टक्केवारीचा हिशेब यांच्या प्रती द्याव्यात", असे लिहा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही.

तपासणीच्या दिवशी मूल ठीक दिसते, ही खरी अडचण

पाय गमावलेल्या व्यक्तीचे दिव्यांगत्व डॉक्टरांसमोर दिसते. फिट मात्र मंडळासमोर येईलच असे नाही. मूल खुर्चीवर बसून हसते, नाव सांगते आणि पाच मिनिटांत तपासणी संपते. ईईजी सुद्धा दोन फिटच्या मधल्या काळात नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे नॉर्मल ईईजी म्हणजे एपिलेप्सी नाही असे होत नाही. डॉक्टरांच्या मनात दुसरीही एक गोष्ट असते: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. तुमचे मूल उरलेल्यांपैकी असेल, तर ते कागदावर दाखवावे लागेल. म्हणून पुढील कागद गोळा करा.

• फिटची वही: तारीख, वेळ, किती मिनिटे चालली, कशी होती, नंतर किती वेळ झोप किंवा गोंधळ राहिला, पडून लागले का. कमीत कमी तीन महिन्यांची नोंद असावी. रोजच्या रोज लिहिलेली वही एका बैठकीत लिहिलेल्या यादीपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.
• मोबाइलवरील व्हिडिओ: शक्य असेल तर एक-दोन. आधी मुलाला सुरक्षित करा, मग चित्रण.
• औषधांची यादी: कोणती, किती मात्रेत, कधीपासून, कोणती बदलली, आणि झोप, चिडचिड, अभ्यासात मंदपणा असे काही दुष्परिणाम झाले का.
• न्यूरोलॉजिस्ट किंवा बालरोगतज्ज्ञांचे पत्र: केवळ निदान पुरेसे नाही. "औषधे नियमित असूनही महिन्याला इतक्या फिट येतात, मुलाला एकटे सोडता येत नाही, आंघोळ, जिने, रस्ता यांसाठी देखरेख लागते", असे स्पष्ट लिहून मागा.
• शाळेचे पत्र: हजेरी, किती वेळा घरी पाठवले, कोणत्या विषयात मागे, खेळातून वगळले जाते का. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलासाठी सेविकेचे पत्र.
• मानसशास्त्रीय चाचण्यांचे अहवाल, एमआरआय, ईईजी, डिस्चार्ज कार्ड. रुग्णालयाकडे मागणी केल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांत देणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेत सांगितले आहे.

एक ताकीद: तपासणीत फिट दिसावी म्हणून औषध बंद करू नका. औषध अचानक थांबवल्यास न थांबणारी फिट येऊ शकते आणि मुलाच्या जिवावर बेतू शकते.

अपील कसे करायचे

अधिनियमाच्या कलम ५९ नुसार प्रमाणन प्राधिकाऱ्याच्या निर्णयावर नाराज असलेली कोणतीही व्यक्ती अपील करू शकते. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हे प्रत्येक राज्य सरकार ठरवते. म्हणून नकाराचे पत्र मिळताच जिल्हा रुग्णालयातील दिव्यांग कक्षात किंवा जिल्हा समाजकल्याण कार्यालयात या दोन गोष्टी विचारा: अपील प्राधिकारी कोण, आणि मुदत किती. पत्र मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.

अपील वकिलाशिवाय, साध्या कागदावर, मराठीत किंवा राज्याच्या भाषेत लिहिता येते. आई, वडील किंवा पालक मुलाच्या वतीने सही करतात. मजकूर असा असू शकतो:

"माझा मुलगा, वय ९ वर्षे, अर्ज क्रमांक ……, याला दि. …… च्या पत्राने अपात्र ठरवले आहे. त्या निर्णयाविरुद्ध मी कलम ५९ खाली अपील करत आहे. कारणे: (१) त्याला एपिलेप्सीसोबत शिकण्यात आणि बोलण्यात अडचण आहे, परंतु बौद्धिक व सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतलेली नाही. (२) औषधे नियमित घेऊनही मागील तीन महिन्यांत त्याला …… वेळा फिट आल्या, वही जोडली आहे. (३) नकाराच्या पत्रात टक्केवारी कशी काढली हे दिलेले नाही. विनंती: बालरोगतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट व क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडून फेरतपासणी करावी आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा."

या मजकुरात "आम्ही फार गरीब आहोत" हे वाक्य नाही. गरिबी खरी असते, पण वैद्यकीय अपिलात ती मोजली जात नाही. ती योजनेच्या अर्जात उत्पन्नाच्या दाखल्याने दाखवायची. इथे फक्त दोन गोष्टी चालतात: काय मोजायचे राहिले आणि त्याचा पुरावा.

कायम प्रमाणपत्राचाच हट्टही धरू नका. स्थिती बदलू शकते असे मंडळाला वाटले, तर ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमांत आहे. "पुढे बरा होईल" हे आज नकार देण्याचे कारण होऊ नये, मुदतीचे प्रमाणपत्र द्यावे, असे तुम्ही लिहू शकता. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ही मागणी मंडळाला मान्य करणे सोपे जाते. फक्त मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवा.

कारणे देण्याचा आग्रह हा केवळ औपचारिक मुद्दा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओंकार गोंड विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, वैद्यकीय प्रवेशाच्या संदर्भात, दिव्यांगत्व मंडळाने केवळ टक्केवारीच्या आकड्यावर थांबू नये, व्यक्तीची प्रत्यक्ष क्षमता पाहावी आणि कारणे नोंदवावीत, असे स्पष्ट केले. ते प्रकरण प्रवेशाचे होते, लाभाचे नाही. तरी कारणांशिवाय दिलेल्या निर्णयाविरुद्ध त्याचा आधार घेऊन बोलता येते.

अपिलालाही उत्तर नाही, किंवा पुन्हा नकार

• राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. शुल्क किंवा वकील लागत नाही. आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे यांबाबत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची असते. शिफारस मान्य नसेल, तर त्याची कारणे आयुक्तांना द्यावी लागतात आणि तुम्हालाही कळवावे लागते. केंद्र सरकारच्या संस्थेविरुद्ध तक्रार असेल, तर ती मुख्य आयुक्तांकडे जाते.
• मोफत वकील मिळवा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालक आणि दिव्यांग व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहेत. अर्ज आईच्या किंवा मुलाच्या नावाने केल्यास उत्पन्नाची अट आड येत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय असते, हेल्पलाइन १५१००.
• कारणे न देता किंवा तपासणी न करता नकार कायम ठेवला असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. हा शेवटचा टप्पा. त्याचा विचार मोफत वकिलाच्या सल्ल्यानेच करा.

राज्य बदलले असेल तर घाबरू नका. कलम ५८ नुसार दिव्यांग प्रमाणपत्र देशभर वैध असते. इंदूर, बेळगाव किंवा सुरतला राहायला गेलात, म्हणून सोलापूरचे प्रमाणपत्र रद्द होत नाही. राज्याची पेन्शन मात्र रहिवासाच्या अटीवर अवलंबून असते, त्यासाठी नव्या राज्यात अर्ज करावा लागतो.

निकाल लागेपर्यंत काय घेता येईल

उपचार: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत फिटचा विकार समाविष्ट आहे. अंगणवाडी किंवा सरकारी शाळेत येणाऱ्या पथकाकडे नोंद करून घ्या. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढील तपासण्या होतात, आणि तिथले अहवाल अपिलातही कामी येतात. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही.

शाळा: कलम १६ नुसार सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करायची असते. "फिट येते, जबाबदारी कोण घेणार" म्हणून दाखला हातात देणे याच्याशी जुळत नाही. मुख्याध्यापकांना एक पानी सूचना द्या: फिट आल्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, वेळ मोजा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

परीक्षा: लिहिण्यात अडचण असेल, तर ४० टक्के नसतानाही लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार प्रकरणात लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांवरील व्यक्तींपुरती ठेवता येणार नाही असे सांगितले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने तशा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी सरकारी आरोग्य संस्थेच्या सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

विमा: सोबत बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते.

केव्हा अपील करू नये

औषधांनी फिट पूर्ण थांबल्या असतील, शिकणे-बोलणे-चालणे वयाप्रमाणे असेल आणि शाळा नीट चालू असेल, तर ४० टक्के मिळण्याची शक्यता फार कमी आहे. अशा वेळी अपिलात खर्च होणारे दिवस उपचार नियमित ठेवण्यात घालवलेले बरे. पुढे स्थिती बदलली, तर नव्याने अर्ज करता येतो. आजचा नकार कायमचा नसतो.

"पैसे द्या, ४० टक्के करून देतो" म्हणणाऱ्या एजंटपासून दूर राहा. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि एजंट नव्हे, तुम्ही अडकता.

या आठवड्यात करायची कामे

१. नकाराचे पत्र शोधा. नसेल, तर लेखी कारण मागणारा अर्ज द्या आणि पोच घ्या.
२. नकार वैद्यकीय आहे की योजनेचा, हे पत्रावर पेनाने लिहा.
३. अपील प्राधिकारी आणि मुदत विचारून तारीख कॅलेंडरवर मांडा.
४. फिटची वही आजपासून सुरू करा.
५. शाळेकडे आणि डॉक्टरांकडे पत्र मागा.
६. मुदत जवळ आली असेल, तर सगळे कागद मिळण्याची वाट न पाहता अपील दाखल करा आणि "उरलेले कागद नंतर सादर करू" असे त्यात लिहा.